पडद्यावर दाखविल्याप्रमाणे

३ एप्रिल २००८, गुरुवार

आज सकाळी साडेसात वाजता, ना नोटीस ना पंचनामा, माझी खुर्ची गेली. वेताची, दोन हातांची, शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत अनुक्रमांक चार. अकरा वर्षं मी तिच्यावर बसलो. डाव्या हाताला माझ्या कोपराचा खळगा पडला आहे. पोलिओ, जनगणना, मतदारयाद्या, गुरं मोजणे, संडास मोजणे ही सगळी राष्ट्रकार्यं मी तिच्यावरून पार पाडली. आज ग्रामपंचायतीचा शिपाई तिला डोक्यावर उलटी घेऊन गेला. "सरपंचांनी सांगितलं," एवढंच बोलला. खैरमाळात न्यायनिवाडा याहून लांब चालत नाही.

झालं असं की, गावाला स्वच्छतेच्या स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळालं. त्या पैशातून गटार बांधायचं होतं. सरपंच परमेश्वरराव यांनी बेचाळीस इंची टीव्ही आणला. "गटार काय, कोनीबी बांधतंय," म्हणाले. पंचायतीत टेबल एकच, आणि त्याच्यावर सरपंचांचे कोपर असतात. सबब टीव्ही माझ्या खुर्चीवर आणि मी स्टुलावर. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. फळ्याकडे वळलो की मी विद्यार्थ्यांना नमस्कार केल्यासारखा वाकतो.

७ एप्रिल, सोमवार

टीव्ही चालू झाला. केबलची तार जोडली आणि बातम्या देणारी बाई अशी दिसली की शंकरसिंग नाईक म्हणाले, "गालगुंड झाल्यात का हिला?" चित्र आडवं ताणलेलं, फोडणी करपावी तसं डागाडागांचं. शंकरसिंग हे तांड्याचे नाईक. दाखल्यासाठी आले होते, ते टीव्ही बघून परत गेले. दाखला राहिलाच.

सरपंचांनी रिमोट खिशातून काढला, चार बटणं दाबली, पुन्हा खिशात ठेवला. रिमोट त्यांच्या खिशात पेनाशेजारी असतो. पेन त्यांनी कधी काढलेलं मी बघितलं नाही.

हिंगोलीच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, फुल एचडी टीव्हीला केबल पुरत नाही. खरं चित्र पाहिजे तर कॉम्प्युटर जोडा, त्यात कार्ड बसवा. गावात कॉम्प्युटर एकच, शाळेचा. एका ट्रस्टनं दिलेला. पडदा अजून कव्हराखाली आहे आणि कव्हरावर उद्घाटनाचं कुंकू. तेव्हा हे कामही राष्ट्रकार्यात जमा झालं.

सरपंचांचा बेत मोठा आहे. एक मेच्या ग्रामसभेत नळयोजनेचा नकाशा टीव्हीवर दाखवायचा. योजनेचे साहेब स्वतः येणार. "कागदावरचा नकाशा चौघं बघतेत अन् बाकीचे भांडतेत. टीव्हीवर सारं गाव बघंल, मंग कोन भांडंल?"

रूपाबाई शाळेत खिचडी शिजवते. राहते तांड्यावर, माळाच्या पलीकडे, दोन किलोमीटर. दुपारी भांडी घासता घासता तिनं विचारलं, "नकाशात आमचा तांडा हाय का गुरुजी?" म्हटलं, योजनेचं नावच 'खैरमाळ व तांडा' आहे. म्हणाली, "नावात तं कव्हाचा हाय."

बायकांना कशाचंच समाधान नसतं.

१५ एप्रिल, मंगळवार

कार्ड आलं. सरपंच जीप घेऊन हिंगोलीला गेले आणि एक डबी, एक तार घेऊन आले. तारेच्या टोकाला सोन्याचं पाणी आहे म्हणून तार रुमालात गुंडाळली होती. सगळ्यांना दुरून दाखवली, हातात कुणालाच दिली नाही. ग्रामसेवक सोनाजी भाऊसाहेबांनी तिची नोंद साठा रजिस्टरात 'सोनेरी तार, एक' अशी केली. भाऊसाहेब सज्जन आहेत. समोर जे दिसतं तेच लिहायचं आणि जे लिहिलं तेच खरं मानायचं, या एका नियमावर त्यांची सत्तावीस वर्षांची नोकरी बिनडाग झाली.

कार्डाला स्वतःचा पंखा आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात आधीपासून दोन पंखे आहेत. शाळेच्या चार वर्गांत मिळून एकही नाही.

बायकोचा, मोहिनीचा, वसमतहून फोन. बदलीचं काय झालं, विचारत होती. तिची आई अंथरुणाला खिळलेली, ती एकटी बघते, मी इथं स्टुलावर. यंदा अर्जाबरोबर सरपंचांचं चांगल्या कामाचं पत्र लागतं. म्हटलं, मिळेल. सध्या आपण परमेश्वराच्या कृपेत आहोत.

१७ एप्रिल, गुरुवार

कार्ड बसवलं. हा दिवस माझ्या सेवापुस्तकात यायला हवा.

सीपीयूचं झाकण काढलं तर आत लाल मुंग्या, पालीची दोन अंडी आणि खिचडीचे तांदूळ. सरकारच्या योजना कुठवर झिरपतात ते दिसलं. झाडलं, पुसलं, कार्ड खाचेत दाबलं. ते कट्कन बसलं तेव्हा सरपंचांनी हात जोडले. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या होत्या आणि हात काळेकुट्ट. व्हरांड्यात रूपाबाईची घागर भरलेली होती, घरी न्यायला ठेवलेली. त्या पाण्यानं हात धुतले, तोंड धुतलं, मानेवर ओतलं, उरलेल्यातून टेबल पुसून घेतलं. फार बरं वाटलं. रूपाबाई आली, घागर हलवून बघितली आणि काही बोलली नाही. वय झालं की माणसं अबोल होतात.

सीपीयू पंचायतीत नेऊन सोनेरी तार जोडली. पडदा काळा. 'सिग्नल नाही' असं इंग्रजीत आलं. कार्डाची सीडी घातली, कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला. शेवटी लक्षात आलं की टीव्हीलाच सांगावं लागतं, बाबा, आता या भोकातून बघ. ते सांगायचं बटण रिमोटवर, आणि रिमोट खिशात.

"द्या इकडं," म्हटलं.

"तुमी सांगा, मी दाबतो," सरपंच.

सातव्या दाबण्याला चित्र आलं. हिरवीगार टेकडी, निळं आभाळ, वर पांढरे ढग. एवढं स्वच्छ की माणसं मागे सरकली. एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी ठिपके; आकडा मी दोनदा मोठ्यानं सांगितला.

"हा कुटला माळ वो?" कुणीतरी विचारलं.

दाराशी उभी असलेली रूपाबाई म्हणाली, "कुटला का असंना, पानी असंल तितं."

खालच्या डाव्या कोपऱ्यातलं सुरू करायचं बटण मात्र नीट दिसत नव्हतं, कडेखाली गेल्यासारखं. म्हटलं, असेल काही.

१८ एप्रिल, शुक्रवार

खिचडीला पाऊण तास उशीर. रूपाबाईला बोललो. म्हणाली, "काल सांजच्याला पुना हिरीवर जावं लागलं गुरुजी. नंबर लागेपर्यंत लई येळ झाला, सकाळी डोळा उघडला न्हाई." काहून जावं लागलं ते मी विचारलं नाही. एकदा कारणं ऐकायला बसलं की शिस्त राहत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

साहेबांनी नकाशाची सीडी पाठवली. सरपंच, भाऊसाहेब, शिपाई आणि मी, अशी रंगीत तालीम झाली. भांडी आवरून रूपाबाईही दाराशी येऊन उभी राहिली.

नकाशा पडदाभर लागला. टाकी, गावातल्या गल्ल्या, मारुती, सरपंचांचं घर, सरपंचांच्या भावाचं घर, सरपंचांचा मळा. मळ्यात नळ काहून, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. निळी रेघ टाकीपासून निघून माळावरून उजवीकडे जाते आणि पडद्याच्या कडेला लागून संपते.

"तांडा?" रूपाबाई.

मी सीडीबरोबर आलेला कागद उघडला. कागदावर तांडा आहे. उजव्या टोकाला, कडेपासून दोन बोटांवर, छोटं गोल. पडद्यावर तेवढं टोकच नाही. मग चारी बाजूंनी ताडून बघितलं. वरचं शीर्षक गेलेलं, डावीकडचा उत्तरेचा बाण गेलेला, खाली साहेबांची सही आणि शिक्का, तेही गेले. टीव्ही चारी कडांनी बोट-दोन बोटं चित्र गिळतो. साध्या चित्रात कुणाच्या लक्षात येत नाही. टेकडीचं काय, चार बोटं टेकडी गेली तरी टेकडीच.

"खाली काय व्हतं?" रूपाबाईनं विचारलं.

"साहेबांची सही."

"ती बी गेली?"

"तीही गेली."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली आणि घागर उचलून गेली. काय बरोबर आहे ते कळलं नाही.

मी सरपंचांना सांगितलं, तांडा दिसत नाही. ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. "लई साफ दिसून राहिलं पण," म्हणाले.

गंमत अशी की पूर्ण चित्र दिसावं म्हणून कार्ड आणलं, सोन्याची तार आणली, आणि पूर्ण खर्च केल्यावर चित्र कमी झालं.

२२ एप्रिल, मंगळवार

सोनाजी भाऊसाहेबांनी ग्रामसभेचा ठराव आजच लिहून ठेवला. सभा एक तारखेला, पण त्या दिवशी गडबड असते. ठरावबहीत शाईनं, सुवाच्य: 'सभेस पडद्यावर दाखविल्याप्रमाणे नळयोजनेचा नकाशा सर्वानुमते मंजूर.'

"भाऊसाहेब, पडद्यावर तांडा नाही."

"मग ठरावात कसा घेऊ?"

"कागदावर आहे ना."

"कागद कोणी बघितला गुरुजी? टीव्ही सगळं गाव बघणार. उद्या चौकशी लागली तर गाव काय सांगेल? जे बघितलं तेच."

"निदान 'कागदी नकाशाप्रमाणे' असं करा."

"शाईनं लिहिलंय," भाऊसाहेब हळहळून म्हणाले. "खाडाखोड चालत न्हाई."

थोडक्यात, रेघ जिथं पडद्यावर संपते तिथंच उद्या जमिनीतही संपणार. ती जागा म्हणजे सरपंचांच्या मळ्याचा पूर्वेकडचा बांध. मी हे फक्त भूगोलाचा शिक्षक म्हणून नोंदवतो.

२४ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस त्या कार्डाच्या मागे आहे. उपाय सापडला. कार्डाच्या सीडीतून जी खिडकी उघडते तिच्यात चित्र आत ओढून घ्यायची सरकपट्टी आहे. सरकवली की चित्र कडेपासून सुटतं. मग खालच्या उजव्या कोपऱ्यातलं 'लागू करा' हे बटण दाबायचं. ते बटण पडद्याबाहेर आहे. म्हणजे कडा दिसाव्यात म्हणून जे दाबायचं ते त्या कडेखालीच. अर्जासोबत अर्ज मंजूर झाल्याचा दाखला जोडा, असं सांगणारी कचेरी मी बघितली आहे. पण तसं यंत्र पहिल्यांदाच बघितलं.

टीव्हीच्या स्वतःच्या यादीतही असंच काही असणार. पण त्याला रिमोट लागतो. सरपंच वसमतला लग्नाला गेले आहेत. रिमोटसह.

रूपाबाई तांदूळ निवडत बसली होती. मी स्टुलावर कपाळाला हात लावून. तिनं विचारलं म्हणून सांगितलं, पडदा कड खातो.

"शिवन बी खाती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं खांद्यावरची ओढणी पुढं घेतली. भिंगं लावलेली, कवड्यांची. "हे बघा. भिंग पार कडंला लावलं तं शिवनीत जातं. म्हनून चार बोटं कापड मोकळं सोडायचं. शिवनीला काय खायाचं ते मोकळं कापड खाऊ द्या. भिंग आतमंदी ऱ्हातं."

आणि मला युक्ती सुचली. म्हणजे तिनं सांगितल्यावर सुचली. चित्रं रंगवायच्या प्रोग्रॅममध्ये एक मोठा पांढरा कागद घ्यायचा, नकाशा थोडा लहान करून त्याच्या मधोमध चिकटवायचा. पडदा पांढरं खाईल, तांडा राहील.

२६ एप्रिल, शनिवार

जमलं. तांडा दिसला. साहेबांची सहीसुद्धा, शिक्क्यासकट. रूपाबाईनं त्या छोट्या गोलावर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. शिपाई ओरडला, पडद्यावर तेलाचा डाग पडेल म्हणून, तेव्हा काढलं. भाऊसाहेबांनी "गुरुजींचं डोकं," असं म्हटलं. मी नाही म्हणालो नाही. बोलण्याच्या ओघात राहून गेलं.

संध्याकाळी सरपंच आले.

"हे काय? टीव्ही बारीक झाला की."

"टीव्ही तेवढाच आहे. कडेला मोकळी जागा सोडली."

"बेचाळीस इंचाचे पैसे दिले गुरुजी. चारीकून पांढऱ्या पट्ट्या? साहेबापुढं अर्धा टीव्ही दावता का? लोक म्हनतील, सरपंचानं मधी इंच खाल्ले."

"पण तांडा..."

"तांडा कुटं पळून चालला? कागदावर हाय ना." मग रिमोट काढून रुमालानं पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या पत्राचं लक्षात हाय माझ्या. सभा झाली की सही करून टाकू. वैनींना किती दिवस एकटं ठेवनार."

नकाशा पुन्हा पडदाभर लावला. कुणाशी वाद घालायचा आणि कुणाशी नाही, हे शिकायला बी.एड. लागत नाही.

२८ एप्रिल, सोमवार

पटनोंदणीसाठी तांड्यावर गेलो. पहिलीत घालायची अकरा लेकरं सापडली, त्यातली चार पळाली. शंकरसिंगांच्या ओट्यावर चहा झाला. चहाआधी तांब्याभर पाणी दिलं. पायावर घ्यायला गेलो तेव्हा त्यांची सून एकदम म्हणाली, "प्यायाचं हाय ते." मग प्यालो.

येताना विहीर लागली. तळाशी दोन बायका बसलेल्या. कपारीतून पाणी पाझरतं ते वाटीनं भरून घागरीत ओततात. वर सहा घागरी रांगेत. मी गाडी थांबवून, गंमत म्हणून, घड्याळ लावलं. एका घागरीला चाळीस मिनिटं.

घरी येऊन जेवलो. तोंड धुताना तांबे मोजत बसलो. उगाच.

३० एप्रिल, बुधवार

उद्या सभा. मोहिनीनं वसमतची दोन घरं बघून ठेवली आहेत. एकाला नळ दारात आहे म्हणाली. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू काय?

रूपाबाईनं आज काही विचारलं नाही. पांढऱ्या पट्ट्या काढल्याचं शिपायानं तिला सांगितलं असणार. शाळेचा शेवटचा दिवस म्हणून खिचडीत गूळ घातला. मला वाढताना म्हणाली, "बदली व्हनार म्हनं तुमची. बेस झालं. हितं पान्याची तकलीफच हाय."

टोमणा असावा असं वाटलं, पण तिचा चेहरा सरळ होता. तो नेहमीच सरळ असतो.

१ मे, गुरुवार

झेंडा झाला, सभा झाली. जसं घडलं तसं लिहितो.

पंचायतीत गाव मावेना. पुढं सतरंजीवर गाव, मागं दाराशी आणि दाराबाहेर तांडा. बसायची ही पद्धत कुणी ठरवलेली नाही, ती तशी आहे. टीव्ही माझ्या खुर्चीवर, हार घालून. साहेब आले; तिशीचे, डोक्यावर गॉगल. पडद्याकडे बघून म्हणाले, "आमच्या ऑफिसला पण असा नाही." सरपंच इतके फुलले की शर्टाचं बटण तुटेल असं वाटलं.

नकाशा लागला. साहेबांनी पेन्सिलीनं टाकी दाखवली, गल्ल्या दाखवल्या. भाऊसाहेबांनी ठराव वाचला. सरपंच म्हणाले, "कुनाचं काई ऱ्हायलं का? न्हाई ना?"

रूपाबाई उठली. "आमचा तांडा कुटाय साहेब?"

"आहे ना. उजवीकडं, शेवटी."

"दावा की."

साहेबांनी निळ्या रेघेवर पेन्सिल टेकवली आणि रेघेबरोबर चालू लागले. माळ आला, मळा आला, रेघ संपली. पेन्सिल टीव्हीच्या काळ्या कडेवर ठक्कन आपटली, कड ओलांडून भिंतीवर गेली. "इथं कुठंतरी," साहेब म्हणाले.

"बस खाली रूपाबाई," सरपंच. "कागदावर हाय ते."

"मंग कागद मंजूर करा."

सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी ठरावबही छातीशी धरली. "पडद्यावर दाखविल्याप्रमाणे असं लिहिलंय. खाडाखोड करता येत न्हाई."

"बरं," रूपाबाई म्हणाली. "साहेब, नकाशाच्या खाली तुमची सही हाय म्हनं. दिसून राहिली का तुमाला?"

साहेब वाकले. गॉगल खाली घसरला, तो काढला, पुन्हा वाकले. खाली काळी कड होती.

"तांडा पडद्यात न्हाई म्हनून ठरावात न्हाई," ती म्हणाली, "तं तुमची सही बी पडद्यात न्हाई. बिनासहीचा नकाशा हाय मंग. बिनासहीचा कसा मंजूर करता?"

पुढच्या सतरंजीवरून कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. साहेबांच्या मानेवरचा घाम मला स्टुलावरून दिसत होता. टाकी गेली तरी चालेल, गाव गेलं तरी चालेल. सही गेलेली कुठल्या साहेबाला चालेल?

"परमेश्वरराव, हे काय आहे?"

"गुरुजी, हे काय हाय?" सरपंचांनी प्रश्न पुढं ढकलला.

मी उठलो. पांढऱ्या पट्ट्यांचा नकाशा कॉम्प्युटरमध्ये होता. दोनदा क्लिक केलं असतं तर झालं असतं. सरपंच माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "तांत्रिक अडचण आहे."

लिहून ठेवतो. मी असंच म्हणालो.

तेव्हा दारातून शंकरसिंग नाईक सावकाश म्हणाले, "साहेब, तुमी पेन्सल ठेवली तितंच हाय ना तांडा?"

"हो, तिथंच येतो."

"मंग खूण करून घेऊ. जागंवर हाय तं जागंवर हाय."

रूपाबाई लोकांच्या मधून पुढं आली. माझ्यासमोर थांबली आणि हात पुढं केला. माझ्या खिशात खडू असतो. समोर कुणी हात पुढं केला की मी खडू देतो. तीस वर्षांची सवय आहे, त्यात माझा काही विचार नव्हता.

तिनं टीव्हीच्या कडेला खडू टेकवला. निळी रेघ संपते त्याच उंचीवर. तिथून भिंतीवर पांढरी रेघ ओढत गेली, दीड हात. मग गोल. गोलात एक झेंडा, एक लिंब, आणि मग घरं. बासष्ट ठिपके. टाका घालावा तसा एकेक, घाई न करता. मधे सरपंच दोनदा खाकरले. तांडा दाराबाहेरून आत सरकत होता.

संपल्यावर तिनं उरलेला खडू साहेबांपुढं धरला. "तुमचं बी करून घ्या."

साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग गुडघ्यावर बसले आणि माझ्या खुर्चीच्या हाताखाली, भिंतीवर, सही केली. तारखेसह.

भाऊसाहेब पाच मिनिटं ठरावबहीकडे बघत बसले. मग 'पडद्यावर' आणि 'दाखविल्याप्रमाणे' यांच्या मधे, वरच्या बाजूला, बारीक अक्षरात भर घातली: 'व भिंतीवर'. "ही खाडाखोड न्हाई," ते सगळ्यांना म्हणाले. "भर आहे." मंजूर, मंजूर, असं दारातून सुरू झालं आणि पुढच्या सतरंजीपर्यंत आलं.

तेवढ्यात बारा वाजले आणि लोडशेडिंग सुरू झालं. एकोणीसशे वीस गुणिले एक हजार ऐंशी ठिपके एकदम गेले. गाव गेलं, मारुती गेला, मळा गेला. भिंतीवर बासष्ट ठिपके तेवढे राहिले. आणि सही.

२ मे, शुक्रवार

सरपंचांनी विचारलं, "खडू तुमचा व्हता का गुरुजी?"

"शाळेचा होता."

"हं," म्हणाले. पत्राचं पुढल्या वर्षी बघू म्हणाले. रिमोट खिशात नव्हता; टीव्ही सुरक्षेच्या कारणास्तव त्यांच्या घरी गेला आहे. खुर्चीही सोबत गेली.

शिपाई चुना घेऊन भिंत पुसायला निघाला होता. भाऊसाहेब आडवे आले. ठरावात भिंतीचा उल्लेख आहे, त्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही आहे, तेव्हा भिंत आता दप्तर झाली, आणि दप्तर नष्ट करायला वरून परवानगी लागते. त्यांनी भिंतीला क्रमांक दिला आहे. सत्तावीस वर्षांत त्यांचा नियम पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला.

साहेबांनी जाताना मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून नेला. मापं घ्यायला माणूस पाठवतो म्हणाले. सहीचं काम आहे, पाठवतील.

मोहिनीला फोनवर सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एकदा तरी सांगायचं होतं, की पट्ट्यांचा नकाशा तयार आहे." म्हटलं, हो. "खडू दिला ते बरं केलं," म्हणाली आणि आईला औषध द्यायचं म्हणून फोन ठेवला.

४ मे, रविवार

शाळेला सुटी. सकाळी पंचायतीच्या जुन्या नळाला आठवड्यानं पाणी आलं. शाळेतली पितळी घागर चिंचेनं घासली, भरली, तोंडाला फडकं बांधलं, मोटरसायकलच्या मागं दोरीनं आवळली. दोन किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागली. माळावरच्या रस्त्याला किती खड्डे आहेत हे भरलेली घागर मागं असल्याशिवाय कळत नाही. तरी चार बोटं हिंदकळलं. तेवढं कड खाणारच.

रूपाबाई घरी नव्हती, विहिरीवर गेली होती. मला ते सोयीचंच झालं. तिच्या सुनेनं घागर उतरून घेतली, माठात ओतली, रिकामी घागर परत दिली. "बसा गुरुजी," म्हणाली. पाणी आणू का विचारलं, मी नको म्हणालो.

"मामींना काय सांगू? कशाचं पानी म्हनू?"

"काही नाही," म्हटलं. "सांग, सतरा तारखेच्या घागरीचं आहे."